करिष्माचा कोळसा

नवसू गुरुजींनी दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा ऐकलेलं त्यांना खरंच वाटेना.

"काय केलंत म्हणता?"

"करिष्माला पाणी नाय भरू दिला," भावेश म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. फळ्यावरचं गणित बरोबर आलं की येतो तसा आनंद होता. "एकमतानं केला, गुरुजी. एक पण फुटला नाय."

गुरुजी समाजमंदिराच्या ओट्यावर उभे होते, ते होते तिथेच खाली बसले. समोर सगळी पोरं शाबासकीची वाट बघत होती. करिष्माची जागा तेवढी रिकामी होती.

सूर्यमाळच्या डोंगराखालच्या अंगाला हा पाडा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी उन्हाळी सुट्टीत पोरांना इथे जमवत आणि पुस्तकाबाहेरचं काहीबाही शिकवत. यंदा त्यांनी जगाची परिषद मांडली होती. पृथ्वी तापत चालली आहे, काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कुणी ब्राझील झालं, कुणी जपान. रुपी समुद्रातलं एवढंसं बेट झाली. भावेशच्या भोवती पाचसहा जणांचा युरोपीय संघ बसला.

संघ म्हणजे काय, ते गुरुजींनी काल सावकाश समजावलं होतं. हे देश आपापली घरं वेगळी ठेवतात, पण जगाच्या बैठकीला जायच्या आधी एका खोलीत बसतात, पोटभर भांडतात आणि बाहेर येतात ते एकच म्हणणं घेऊन. सुट्या देशाचं बोलणं वाऱ्यावर जातं. संघ बोलला की मोठ्या देशांनाही मान वळवावी लागते. भाताच्या लावणीला सगळा पाडा एकेकाच्या खाचरात उतरतो तसंच ना, असं रुपीने विचारलं, तेव्हा गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी तिला पुढे बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं.

करिष्मा संघातच होती. तिच्या वाट्याला आलेल्या देशात कोळशाच्या खाणी होत्या. बाकीच्यांनी कोळसा बंद करायचं ठरवलं आणि ती एकटी नको म्हणून बसली. खाणी बंद झाल्या तर तिच्या माणसांनी खायचं काय, एवढंच ती विचारत राहिली. भावेशने तिला समजावलं, मग तो खेकसला, मग बेट बुडेल म्हणून रुपी रडवेली झाली. करिष्मा हलली नाही. ऊन चढलं तसं गुरुजींनी बाकीचं उद्यावर टाकलं. निघता निघता भावेशने विचारलं होतं, कुणी ऐकतच नसेल तर जग त्याला काय करतं? छत्री उघडता उघडता गुरुजी म्हणाले होते, कधीकधी त्याच्याशी देणंघेणं बंद करतात.

त्याच संध्याकाळी टँकर आला आणि विहिरीत पाणी सोडून गेला. नेहमीसारखी झुंबड उडाली. मोठी माणसं बालद्या ओढण्यात गुंतलेली, पोरं खांद्याला खांदा लावून कठड्याशी उभी. करिष्मा ज्या बाजूने येई, त्या बाजूला भिंत. तिची आई गंगी मोखाड्याच्या रस्त्यावर मजुरीला गेलेली. ती परतली तेव्हा विहिरीत गाळ तेवढा उरला होता.

हे सारं पोरं हौसेने सांगत होती. वाळीत टाकलेलं घर त्यांनी उमेदीच्या काळात पाहिलं होतं. त्या घरच्या चुलीला विस्तवही कुणी देत नसे. ते आता कुणाला आठवतही नसेल, असं ते धरून चालले होते. आणि इथे त्यांचेच विद्यार्थी, त्यांच्याच धड्यावरून, एका दिवसात तिथे पोचले होते.

ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काल करिष्माच्या घरी भात कशात शिजला असेल?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. हा प्रश्न परिषदेतला नव्हता.

"मला माझा बेट वाचवायचा होता," रुपी पुटपुटली.

"वाचव की, बाय. पण अडून बसलेल्याला खोलीच्या बाहेर काढलं, तर संघ उरला कुठे?" मग जे कालच सांगायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं. कोळशावर जगणाऱ्या मुलखांसाठी संघातले बाकीचे देश आपल्या पदरचे पैसे घालतात, खाणीतल्या माणसांना दुसरं काम शिकवायला. एवढं करूनही भांडण मिटतंच असं नाही. पुन्हा बसावं लागतं.

भावेशची मान खाली गेली. तो उठून घराकडे गेला आणि हंडा घेऊन आला. मग कुणी तांब्याभर आणलं, कुणी कळशीतलं अर्धं. हंडा काठोकाठ भरला नाही, पण दोघांना उचलावा लागला.

गुरुजी आणि पोरं हंडा घेऊन करिष्माच्या घरी पोचली, तेव्हा गंगी अंगणात पावसाळ्यासाठी लाकडं रचत होती. तिने पोरांकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं आणि सरळ गुरुजींसमोर येऊन उभी राहिली.

"माझी पोर रिकामा हंडा घेऊन आली. हाच धडा हाय का तुमचा?"

गंगीने हंड्याच्या काठाला हात घातला आणि तो कलता केला. पाणी ओघळून मातीत गेलं. भर मे महिन्यात पाणी ओतणारं माणूस पोरांनी आजवर पाहिलं नव्हतं.

करिष्मा घरातून धावत आली. तिने दोन्ही हातांनी हंडा धरला आणि सरळ केला.

"ठेव आये. त्यांचा राग पाण्यावर कशाला?" मग ती भावेशकडे वळली. "पण पाणी आणलास म्हणून मी हो नाय म्हणणार. माझा कोळसा चालूच हाय."

भावेशने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नजर करिष्माकडे वळवली. शेवटी तो अंगणातच, ओल्या मातीशेजारी मांडी घालून बसला. बाकीचा संघही एकेक करून टेकला.

"बरा," भावेश म्हणाला. "तुझ्या खाणीत माणसा किती, ती सांग पहिली."

गंगी परत लाकडांपाशी जाऊन उभी राहिली होती. तिने कुणाला बसा म्हटलं नव्हतं, की जा म्हटलं नव्हतं.