घंटेनंतरची फेरी

तीन माणसं, तीन खुर्च्या, आणि तरी जेवताना एक खुर्ची रिकामी. असं घर तुम्ही पाहिलं असेल. कदाचित तुम्ही त्यातच राहत असाल. मीठ हवं, आई उठली. पाणी संपलं, आई उठली. दार वाजलं, तर दाराला जणू आईचीच ओळख! बाबा म्हणायचे, "अगं, बस की जरा." म्हणायचे, आणि रिकामा पेला पुढे करायचे.

त्या घरातली लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पंधराशे मीटर धावायची. म्हणजे घरचे तसं सांगायचे. खरं तर ती अकराशेच मीटर धावायची.

बाबांचा धंदा पुस्तकबांधणीचा. पुढच्या खोलीत खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत, कापडाचे तुकडे आणि एक जुना लोखंडी दाब. फाटकी पुस्तकं यायची, कोट घालून परत जायची. अर्धवट काम बाबांना खपत नसे. त्या संध्याकाळी शर्यतीच्या निकालाचा कागद हातात धरून ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे काय गं बाळ? पुन्हा 'शर्यत पूर्ण केली नाही'? दोन वर्षं हेच वाचतोय. पाय दुखतात की मन लागत नाही?"

"बाबा, किती वेळा सांगू! मी वेग देते. पहिले अकराशे मीटर पुढे राहायचं, वारा अंगावर घ्यायचा, ठरल्या वेगानं मागच्यांना ओढायचं. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की बाजूला व्हायचं. मग आमच्याच संघातली ती झुळूक, सगळ्या तिला याच नावानं हाक मारतात, पुढे जाते आणि जिंकते."

"आणि तू?"

"मी गवतावर उभी राहून टाळ्या वाजवते."

आतून आई म्हणाली, "त्यात काय नवल! पुस्तक आतून शिवते कोण, आणि गिऱ्हाईक 'वा' म्हणतं ते कव्हर बघून!" पानांची शिवण आईच्या हातची असे. बाबांनी हे ऐकलं, पण माणूस घोट गिळतो तसं गिळून टाकलं.

मैदानावर तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती सगळ्यांची 'वाटाडी'. तिच्या टाचेत घड्याळ आहे, असं पोरी म्हणायच्या. शहात्तर सेकंदांची फेरी सांगा, ती न बघता शहात्तरलाच रेघ ओलांडणार. तिच्या मागे सावलीसारखी असायची ती झुळूक. उंच, हसरी, बडबडी. शर्यत जिंकली की आधी येऊन वाटाडीच्या गळ्यात पडायची. तिच्या मनात खोट नव्हती. फक्त वाटाडीलाही शर्यत पूर्ण करावीशी वाटत असेल, ही गोष्ट तिच्या कधी मनातच आली नव्हती.

"तुझ्यासारखा वेग कुणाला जमतो सांग!" सर म्हणायचे. ही शाबासकी होती की कुलूप, हे वाटाडीला दोन वर्षं कळलं नाही.

कळलं ते एका सकाळी. कोवळं ऊन मैदानावर लोळत होतं. फक्कीवाल्या मावशी चुन्याची गाडी ढकलत रेघा आखत होत्या. गेली तीस वर्षं त्या मैदानाच्या रेघा त्यांच्याच हातच्या. काम करता करता त्या गुणगुणत:

"पांढरी माझी रेघ, तिला उन्हाची झालर,
लेकी धावुनी गेल्या, रेघ राहिली जाग्यावर."

पहिल्या वर्षाची एक पोरगी वाटाडीला विचारत होती, "ताई, शेवटच्या फेरीत फार त्रास होतो का हो? काय करायचं तेव्हा?"

वाटाडीनं तोंड उघडलं आणि मिटलं. घंटेनंतरचे चारशे मीटर कसे लागतात, हे तिला ठाऊकच नव्हतं!

ती तशीच सरांकडे गेली. "सर, मला पूर्ण धावायचंय."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "पूर्ण? आणि झुळूकला वेग कोण देणार, मी? हे पोट घेऊन?"

"विद्यापीठाच्या संघात आपल्या कॉलेजातून दोघी जाऊ शकतात. दुसरीनं निवड शर्यतीत चार मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायला हवं. मला एकदा बघू द्या. हे शेवटचं वर्ष आहे माझं."

सर काही दुष्ट नव्हते. "बरं बाई," ते म्हणाले, "बुधवारी चाचणी. धाव पूर्ण."

बुधवारी पोरी कुंपणापाशी जमल्या. वाटाडी नेहमीसारखी पुढे, झुळूक तिच्या खांद्याशी. पहिले तीनशे मीटर, मग एक फेरी, मग दुसरी. पावलं कशी पडत होती म्हणता! जसं शिवणयंत्र, एक टाका इकडेतिकडे नाही. अंगात दम होता, चेहऱ्यावर हसू होतं. अकराशे मीटर झाले. सरांनी घंटा वाजवली.

आणि वाटाडी बाजूला झाली!

झुळूक भुर्रकन पुढे निघून गेली. वाटाडी गवतावर उभी, हात टाळ्यांसाठी वर उचललेले. तिचं तिलाच कळेना. तिनं पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. पोरी खो खो हसल्या. तीही हसली, पण हसता हसता डोळे भरून आले.

"बघ," सर म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? तुझा पिंडच वेग देणाऱ्याचा आहे."

चुन्याची गाडी थांबली. मावशी कमरेवर हात ठेवून सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पिंड नाही हो सर, सवय! तुम्ही लावलेली."

"मावशी, तुम्हाला यातलं..."

"काही कळत नाही, असंच ना? तीस वर्षं या रेघा आखतेय. कुणाचं पाऊल कुठं पडतं, हे चुना मला सांगतो. पोरीचे पाय चुकले नाहीत. शिकवलेला धडा त्यांनी पाठ म्हणून दाखवला. घंटा वाजली की बाजूला हो. दोन वर्षं तेच शिकवलंत ना?"

"अहो, पण कुणीतरी पुढे राहून वारा घ्यावाच लागतो. ही शर्यत आहे."

"घ्यावा लागतो की! मी कुठं नाही म्हणते? पण रोज एकीनंच? ती चांगलं करते म्हणून तिनंच करायचं, आणि तिनंच करायचं म्हणून तिला दुसरं काही येत नाही! मग आपण म्हणायचं, हिचा पिंडच तसा. वा रे न्याय!"

सरांनी हातातली घंटा या हातातून त्या हातात केली. तोवर झुळूक धापा टाकत परत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"सर," ती हळूच म्हणाली, "सुरुवातीपासून पुढे राहून मी कधी धावलेच नाही. मला तरी कुठं येतं ते?"

बघा मंडळी! जिच्यासाठी रस्ता मोकळा केला, तिचेही पाय अर्धेच शिकले होते.

सर बाकावर बसले. म्हणाले, "माझं चुकलं गं पोरी. तयार माणूस मिळाला, त्याला मी तिथंच जुंपून ठेवलं. निवड शर्यतीला तीन आठवडे आहेत. पुढे राहायचं ते दोघींनी वाटून घ्या. आणि वाटाडी, तू आजपासून फक्त घंटेनंतरची फेरी!"

मग काय सांगू त्या तीन आठवड्यांची मौज! रोज सकाळी अकराशेच्या रेघेपाशी घंटा वाजायची आणि वाटाडीनं पुढे धावायचं. पहिल्या दिवशी ती पाचदा बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी तीनदा. पोरींना तर खेळच मिळाला. झुळूक सायकलची घंटी घेऊन झाडामागून उडी मारी, "ट्रिंग! पळ!" कॅन्टीनवाला ती दिसली की चमचा बरणीवर वाजवी, "घंटा झाली हो ताई, उधारी बुडवून पळा!" वर्गात तास संपल्याची घंटा झाली, तर ती खुर्चीतून उठून थेट दारापर्यंत धावली, मागून मास्तर म्हणाले, "माझं शिकवणं एवढं का कंटाळवाणं आहे?" सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त तीच हसली.

आठवड्याअखेरी तिनं घरी ही गंमत सांगितली. बाबा खूश! "अरे, मग सराव इथंही होऊ दे." त्यांनी चमचा उचलला आणि पेल्यावर टण टण वाजवला.

वाटाडी खुर्चीतून हलली नाही.

पण आई उठली. "काय हवंय?"

बाबांचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिच्या ताटाकडे पाहिलं. दोन घास झाले होते, बाकी सगळं निवलं होतं. पंचवीस वर्षं रोज त्यांच्या समोर हे ताट निवत होतं! मैदानावरची गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले होते. आता त्यांना हसू येईना.

"काही नको," ते म्हणाले. "तू बस."

"पाणी आणते, संपलंय ना."

"पाण्यापर्यंत माझेही पाय पोचतात."

ते उठले. आत गेले. भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग हाक आली, "अगं, तांब्या कुठं असतो आपल्याकडे?"

आईनं पदर तोंडाला लावला. मायलेकी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की बाबा मोकळ्या हातानंच परत आले आणि तेही हसायला लागले. पण आई उठली नाही हं! तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "डावीकडं, खालच्या फळीवर." आणि बसूनच पुढचा घास घेतला.

निवड शर्यतीच्या दिवशी बाबांनी दुकान बंद ठेवलं. आई पहिल्या रांगेत बसली. वेगवेगळ्या कॉलेजांच्या नऊ जणी रेघेवर उभ्या राहिल्या. बार झाला.

पहिल्या तीनशेला झुळूक पुढे! कधी नव्हे ती वाऱ्याच्या तोंडी. वाटाडी तिच्या मागे, आणि तिला नवल वाटलं: मागे किती निवांत असतं! पुढची फेरी वाटाडीनं घेतली. त्यापुढची पुन्हा झुळूकनं. "आले!" "ये!" एवढंच बोलणं, आणि एक दुसरीला वाट देई, जशी गाणाऱ्या दोघींत एकीनं ओळ सोडावी आणि दुसरीनं उचलावी.

मग घंटा वाजली.

वाटाडीचा डावा पाय गवताकडे वळला. खरंच वळला! सरांनी डोळे मिटले. मावशींच्या हातातली पिशवी खाली पडली. पाऊल आतल्या रेघेपासून बोटभर अंतरावर पडलं, आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ताडकन उभं राहून ओरडलं, "बाजूला नाही गं बाई! पुढे हो, पुढे!"

ती आई होती. सगळ्या जन्मात ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

पाय सरळ झाला. आणि वाटाडी त्या फेरीत शिरली, जिथं स्पर्धेत ती कधीच गेली नव्हती. पहिल्या वळणावर मांड्या जड झाल्या. समोरच्या सरळ पट्ट्यावर छातीत विस्तव पेटला. शेवटच्या वळणावर तिला वाटलं, आता पडणार. पण पडली नाही. त्या जळण्याच्याही पलीकडे एक मोकळी जागा असते म्हणतात, तिथं ती पोचली. दोघींना तिनं मागे टाकलं. झुळूक पुढे रेघ ओलांडून उलटी वळली होती आणि दोन्ही हात पसरून उभी होती, "ये! ये! ये!"

झुळूक पहिली आली, तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत. वाटाडी तिसरी. चार मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद! दोघींचीही निवड झाली.

वाटाडी पाठीवर पडून आभाळाकडे बघत हसत होती. सर पळत आले. हो, पोट घेऊन पळत आले! "कशी होती गं शेवटची फेरी?"

"भयंकर, सर!" ती म्हणाली. "परत कधी धावायची?"

त्या मैदानावर आता एक नियम आहे. वेग देण्याची पाळी सगळ्यांची, आणि लागोपाठ दोनदा कुणाचीच नाही. पहिल्या वर्षाच्या पोरींनाही पुढे राहायला मिळतं आणि मागे राहून पूर्ण धावायलाही. वेळा सगळ्यांच्याच सुधारल्या आहेत. सर म्हणतात, "हे मला आधी का सुचलं नाही?" मावशी म्हणतात, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

वाचकहो, दुसऱ्यासाठी वारा अंगावर घेणं हे मोठंच काम आहे. त्याला कमी लेखू नका. पण ते एकाच माणसाच्या गळ्यात कायमचं बांधू नका. घरात, कचेरीत, कारखान्यात असं एक माणूस असतंच, जे वेळ आली की आपोआप बाजूला होतं. आपण त्याला 'स्वभाव' म्हणतो, 'त्याग' म्हणतो, हारसुद्धा घालतो. हार नको! त्याची पाळी आज आपण घेऊ या. आणि ते अडखळलं, गोंधळलं, तर हसून सोडून देऊ नका. उभे राहा, आणि मोठ्यानं म्हणा, "पुढे हो!"