तांबूस काळा

बारक्याचं वजन नव्वदीच्या पुढे गेलं होतं आणि डोक्यावर केस म्हणावेत असं फारसं काही उरलं नव्हतं, तरी घरात तो बारक्याच होता. हे नाव ताईने ठेवलेलं, आणि ताईने ठरवलेली गोष्ट बदलायची कुणाची टाप नव्हती. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. उभं आयुष्य तिने एका छापखान्यात रंगजुळणीचं काम केलं. छापलेल्या कागदावर निळा जास्त पडलाय की पिवळा कमी, हे ती नुसत्या नजरेने सांगायची. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "रंग जुळला नाही" म्हणून मोकळी व्हायची. निवृत्त झाल्यावर बारक्याच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली.

बारक्या इस्पितळात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांच्या छात्या नि हाडं बघायची आणि अंधार पडला की परसातल्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायचे, हा त्याचा छंद. छंद कसला, वेडच. कारण परसाच्या एका अंगाला पेट्रोल पंप, दुसऱ्या अंगाला गाड्यांच्या दुकानाची रात्रभर जळणारी पाटी, आणि वर आकाश म्हणजे पाणी घातलेला चहा. त्यातून ह्याला हव्या होत्या दीर्घिका, त्याही अंधुकातल्या अंधुक. बायको म्हणायची, "लोकांना दिवसा तारे दिसतात, आमच्या ह्यांना रात्रीसुद्धा दिसत नाहीत."

ताईही आधी हसली होती. पण एके दुपारी तिने त्याचा एक फोटो कॉम्प्युटरवर बघितला, आणि काय हे रंगांचं वाटोळं केलंय, असं म्हणून त्याला खुर्चीवरून उठवलं, ते उठवलंच. तेव्हापासून फोटो काढायचे बारक्याने आणि घडवायचे ताईने, अशी वाटणी झाली. काम म्हणजे चिकाटीचं. एकेका फोटोत दीर्घिका दिसतच नाही, दिसतो नुसता शहराचा पिवळट उजेड आणि वाळूसारखे दाणे. असे शेकडो फोटो एकावर एक रचायचे. दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे ते हळूहळू विरून जातात. जे खरंच तिथे आहे, ते मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असतं, आणि रचत गेलं की वर येतं. कुठे पुसट काही दिसलं की ताई ढिगाचे दोन भाग करायची आणि विचारायची, "दोन्हीत आहे का?" दोन्हीत असलं तर खरं.

त्या वर्षी त्यांनी धरली होती ती दीर्घिका कुणाच्या खिजगणतीत नसलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे ती परसावरून जायची आणि मग समोरच्या इमारतीआड बुडायची. गेल्या वर्षीचे फोटो होते, त्यात यंदाचे घालायचे होते.

त्याच सुमारास ताईचा खोकला हटेना. काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायचा प्रश्नच नव्हता. बारक्याने तिला नेहमीच्या सुरात सांगितलं, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धर. एक फोटो समोरून घेतला, एक बाजूने. बाजूचा पडद्यावर उमटला आणि तो बघतच राहिला. उजवीकडे वर लिंबाएवढी सावली होती. समोरच्यात होती, बाजूच्यातही होती.

आतून ताईचा अडकलेला आवाज आला. "अरे, सोडू का आता?"

श्वास सोड असं सांगायचंच तो विसरला होता.

ती बाहेर आली, शालीचं टोक सारखं केलं आणि पडद्याकडे न बघता त्याला विचारलं, "दोन्हीत आहे का?"

फोटो काढणाऱ्याने निदान सांगायचं नसतं, ते डॉक्टरांनी सांगायचं, असा तिथला नियम. बारक्याने तो हजारो लोकांना ऐकवला होता. ताईला तेवढंच सांगता आलं असतं. पण तो म्हणाला, "काय असणार? कफ आहे."

ताईने मान हलवली आणि घरी जायला रिक्षा मिळेल का, एवढंच विचारलं.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. कफाचा विषय तिने काढला नाही, त्यानेही काढला नाही. उपचार सुरू झाले. ताई बघता बघता निम्मी झाली. बारक्याची बायको तिचं सगळं करायची, आणि आता तरी हे कॉम्प्युटरचं खूळ पुरे, पडून राहा, असं रोज बजावायची. पण दुपारी पाठीला दोन उशा लावून ताई पडद्यासमोर बसायचीच. बसल्यावर खोकला कमी येतो, म्हणायची. खरं असेल, नसेल.

त्या वर्षी आभाळानेही दावा साधला. ढग हटले तर धूळ, धूळ बसली तर पौर्णिमा. दीर्घिका रोज थोडी आधी इमारतीआड जाऊ लागली. जेवढे फोटो मिळाले त्यातून एक पांढुरका डाग उठायचा, बाकी काही नाही. चांगलं चित्र व्हायला अजून एक वर्ष लागलं असतं. आणि बारक्या रोज एक्स-रे बघणारा माणूस होता. ताईकडे वर्ष नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मग त्याने एक गोष्ट केली. दूर डोंगरावरच्या काळ्याकुट्ट आकाशाखाली कुणीतरी काढलेला त्याच दीर्घिकेचा फोटो इंटरनेटवर होता. तो त्याने उतरवून घेतला आणि आपल्या चित्रात अगदी बेताने मिसळला. डागाला आकार आला, दोन बाजूंनी दोन वळलेले हात आले. दुपारी चहाबरोबर त्याने ते ताईपुढे ठेवलं.

ताईने बराच वेळ बघितलं. चित्र मोठं केलं, बारीक केलं, पुन्हा मोठं केलं. चहावर साय धरली.

"हे हात कुठून आले?"

"परवा हवा स्वच्छ होती ना."

"आणि पेट्रोल पंप बंद होता?"

ताईने माउस बाजूला सारला.

"तो कफ मी गिळला, बारक्या. तुझ्या तोंडून निघत नव्हतं, कळत होतं मला. पण यात खोटं नको. आपले दाणे मला पाठ आहेत. हे आपलं नाही."

एवढा मोठा गडी, पण खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. ताईने त्याला रडू दिलं. गप्प हो असंही म्हणाली नाही. नंतर तिने त्याच्याच हाताने ते चित्र पुसायला लावलं आणि आपले खरे फोटो पहिल्यापासून रचायला घेतले. आठवडाभर रोज थोडं थोडं केलं. शेवटी जे झालं ते म्हणजे काळ्यावर एक फिकट डाग, एका बाजूला किंचित दाट. बारक्याच्या बायकोला तो दिसायलाही वेळ लागला. ताई म्हणाली, "आहे तेवढं आहे," आणि हे छापून आण, असं फर्मान सोडलं.

छापखान्यात आता तिच्याच हाताखाली शिकलेला मशीनवाला सगळं बघत होता. त्याने आधी विचारलं की फाइल बिघडलीय का. ताईंचं काम आहे म्हटल्यावर मात्र त्याने चांगला जाड कागद काढला. तोवर ताईने अंथरूण धरलं होतं. बारक्याने छापलेला कागद नेला, तेव्हा तिने पलंग खिडकीशी सरकवायला लावला. कागद उजेडात धरला, तिरपा केला, मग बारक्याला धरायला दिला.

"डाग बरोबर आलाय," ती म्हणाली. "काळा तांबूस झालाय. त्याला सांग, निळा जरासा वाढव. जरासाच. नाहीतर ओतेल डबाभर."

बारक्याने निरोप पोचवला. त्याच आठवड्यात ताई गेली. सकाळी, बायको तिचे केस विंचरत असताना. बारक्या कामावर होता, कुणाच्यातरी मनगटाचा फोटो काढत होता.

पुढे बरेच दिवस दुर्बीण पांघरुणाखाली राहिली. एका दुपारी छापखान्यातून फोन आला, तुमचा कागद कधीचा तयार आहे, कुणी न्यायला आलं नाही. बारक्या गेला. मशीनवाल्याने गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "तीनदा काढला. आता बघा म्हणावं ताईंना. काही बोलल्या तर पुन्हा काढू."

"ताई गेली," बारक्या म्हणाला.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. कागदांच्या गठ्ठ्यावर बसला आणि हात पुसत राहिला, हात तर स्वच्छच होते. मग म्हणाला, ताईंचा पहिला ओरडा खाल्ला तोही काळ्यावरूनच. बारक्या थोडा वेळ त्याच्याशेजारी बसला आणि घरी आला.

मागच्या खोलीत जाऊन त्याने जुना आणि नवा असे दोन्ही कागद खिडकीशी शेजारी शेजारी धरले. तिरपे करून बघितले. बायकोला बोलावलं, तिलाही विचारलं. मग दोन्ही घेऊन परसात उन्हात गेला. तांबूस कुठला आणि सुधारलेला कुठला, काही केल्या त्याला ओळखता येईना. कागद हातात अदलाबदल झाले होते, आणि मागे कुणी खूण केली नव्हती.

बायको दारात येऊन उभी राहिली. "कुठला लावायचा?"

"कळत नाही गं," बारक्या म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसला.