एका पायाची चप्पल

रेणुकाने पुन्हा मिठाच्या पाण्याची चूळ भरली, गालात खळखळवली आणि दाराशेजारच्या मोरीत थुंकली. सकाळपासूनची ही कितवी चूळ ते तिलाही सांगता आलं नसतं. चार दिवस झाले तरी तोंडात गुटख्याची चव होती. परक्या माणसाच्या बोटांवरून आलेली ती चव दातांच्या फटीत, जिभेखाली, जागा मिळेल तिथे जाऊन बसली होती. जेवण पोटात टिकत नव्हतं.

खाटेवर महामाया वकीलबाई मांडीवर फाईल घेऊन थांबल्या होत्या. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी कोर्टाने दिलेल्या या बाई. वय तिशीच्या आतलं, पण कामाची घाई नाही आणि तोंडावर दयाही नाही. रेणुकाला त्यातलं दुसरं विशेष आवडलं होतं.

"झालं? बस आता. उद्या अकराला ठाण्यात जबाब आहे. पहिल्यापासून सांग."

रेणुका पदराने तोंड पुसत जमिनीवर बसली. कोपऱ्यात गुरम्मा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर एक चप्पल होती. उजव्या पायाची, तपकिरी, टाचेकडे झिजलेली. अंगठ्यापाशी निळ्या नायलॉन दोऱ्याचे जाडसर टाके.

लातूरच्या बाह्यवळण रस्त्यावर एक बंद पडलेली डाळमिल आहे. तिच्या पडक्या भिंतीमागे रेणुकाचा धंदा चाले आणि भिंतीच्या अलीकडे बाभळीखाली गुरम्मा बसे. साठीला आलेल्या गुरम्माचा स्वतःचा धंदा कधीच संपला होता. आता तिच्याकडे काम एकच. गिऱ्हाइकाने भिंतीमागे जाण्याआधी एका पायातली चप्पल तिच्यापाशी काढून ठेवायची, बूट असेल तर बूट. एका पायावर माणूस लांब पळत नाही, मस्ती बेताने करतो आणि निघताना गुरम्मासमोर यावंच लागतं. गिऱ्हाइकं शिव्या देत, पण काढून ठेवत. ही रीत त्या रस्त्याला सगळ्यांना ठाऊक होती, पोलिसांनाही. घामाने काळ्या पडलेल्या, शेण लागलेल्या, कुबट वासाच्या त्या चपला गुरम्मा दिवसभर सांभाळायची. आधी तीस वर्षं पुरुषांची तोंडं बघितली, आता चपला बघते, लई फरक न्हाई, असं ती म्हणायची.

किशनराव आला तो चार दिवसांपूर्वी, दुपारी चारला. बियाण्याच्या दुकानाचा मालक, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गालात तोबरा. चप्पल काढून आत गेला आणि निरोध वापरायला नको म्हणाला. रेणुका मग जमणार नाही म्हणून वळली, तेव्हा त्याने तिचा गळा धरून तिला भिंतीवर दाबलं. ती ओरडायला लागली तशी दोन बोटं थेट घशापर्यंत घातली. डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला वीट लागली ती तिने हाणली.

"पहिली कुठे लागली?"

"कानापाशी. पर हात सोडंना."

"दुसरी?"

"कपाळावर. मग सोडला. खाली बसला."

"आणि तिसरी?"

रेणुकाने तांब्या ओढून त्यात बोट फिरवलं. पाणी संपलं होतं.

महामायाबाईंनी फाईल मिटली. जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा नाही, हा हक्क नव्या कायद्यातही आहे आणि मारणारी बाई काय धंदा करते हे कायदा विचारत नाही, असं त्यांनी समजावलं. पण तो हक्क धोका असेपर्यंतच. माणसाने गळा सोडला, खाली बसला, त्यानंतर हाणलेली वीट बचावाची राहत नाही, तिला हल्ला म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर तीन जखमा होत्या, कान, कपाळ आणि उजव्या हाताचा पंजा. दोन घाव म्हणजे बहुधा घरी, तीन म्हणजे बहुधा आत.

"मी खोटं बोल म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "नीट आठव म्हणते. माणूस पडतो तेव्हा हातावर पडतो. वीट कुठेतरी घरंगळते. आठव."

आत जाण्याची रेणुकाला तेवढी भीती नव्हती. भीती होती ती कंधारला राहणाऱ्या आईची. आई समजून होती की पोरगी मिलमध्ये डाळ निवडते. केस उभी राहिली की पेपरात नाव येणार आणि गावातलं कुणीतरी तो पेपर आईला मोठ्याने वाचून दाखवणार, हे ठरलेलं.

शिवाय चप्पल तिथेच टाकून पळालेल्या किशनरावनेच तक्रार आधी केली होती. आपण लघवीला थांबलो, दोघी बायकांनी लुटायला घेरलं, विटेने मारलं. चप्पल? ती आपली नव्हेच. रेणुका तक्रार द्यायला ठाण्यात गेली तेव्हा त्याने नेमका कुठे कुठे हात लावला ते हवालदाराने तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्यांना ऐकू जाईल असं, आणि लिहिलं काहीच नाही. गुरम्माने चप्पल पुढे केली तर रस्त्यावर शंभर चपला पडलेल्या असतात म्हणाला. त्या खोलीची घाण तर चूळ भरूनही जाणारी नव्हती.

"ही त्याची आहे एवढं सिद्ध झालं, तर तो आपल्या पायाने आत गेला होता हेही सिद्ध होतं," बाई उठत म्हणाल्या. "नाहीतर राहतो तुझा शब्द आणि त्याचा. आणि तुझ्या शब्दाचं काय होतं ते तू बघितलंस. उद्या घाव किती?"

"दोन," रेणुका म्हणाली.

बाई गेल्यावर ती तेच पुटपुटत राहिली. दोन. दोन. गुरम्माने वर्तमानपत्राची घडी सरळ केली.

ऊन कलायच्या आत दारात एक बाई येऊन उभी राहिली. काठाची साडी, डोक्यावर पदर, हातात दुकानाचं नाव छापलेली कापडी पिशवी. हे नाव किशनरावच्या दुकानाचं, ते रेणुकाने ओळखलं. बाईने नाकाला पदर लावलेला होता.

"रेणुका कोण?"

"मीच."

"किशनरावची घरवाली मी."

गुरम्मा भिंतीचा आधार घेत उठली. ही शिव्या द्यायला आली, की चार माणसं मागे ठेवून आली, ते बघायला तिने गल्लीत डोकावलं. गल्ली रिकामी होती. खाटेवर बसा म्हटलं तर बाई बसली नाही. पाणी दिलं तर तिने तांब्याकडे असं पाहिलं की गुरम्माने तो आपणच मागे घेतला. जबाब घ्यायला पोलीस घरी आले होते, त्यांना चहा देताना या घराचा पत्ता कानावर पडला, एवढं तिने सांगितलं. आणि म्हणाली, ती चप्पल बघायची आहे.

गुरम्माने वर्तमानपत्र पुढे सरकवलं. बाई वाकली, पण चपलेला हात लावला नाही. पिशवीतून तिने डाव्या पायाची चप्पल दोन बोटांत धरून काढली आणि शेजारी ठेवली. तीच झीज, तेच निळे टाके.

"टाके माझे हायत," ती म्हणाली. "दाभणानं घातले. घरात तवा दुसरा दोरा नव्हता." मग डाव्या चपलेकडे बोट करून, "ही नालीत टाकून ये म्हणले मला. चार दिवस झाले, रोज इचारायलेत, टाकली का."

बाईची नजर खोलीभर फिरली, खाट, मोरी, दोरीवरचे परकर, आणि प्रत्येक वस्तूवर तिच्या तोंडाची कड वाकडी झाली. रेणुकाला तिचा राग येत होता. या बाईला आपण घाण वाटतो हे स्पष्ट होतं. आणि तिच्या घरात रोज जेवायला बसतो तो कोण, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

बाईनेच विचारलं.

"किती मारले?"

दिवसभर घोकलेलं उत्तर तोंडात तयार होतं. रेणुकाने बाईकडे पाहिलं, मग त्या दोन चपलांकडे.

"तीन."

"तिसरा कशाला?"

"दुसरा लागला तसा सोडला मला. खाली बसला. मी निघाले होते." रेणुकाच्या घशाशी पुन्हा तीच चव आली. "तर हात पुढं केला, तोच हात. म्हणला, जा, चप्पल आण माझी. रगत गळायलं अन् चप्पल आण म्हणला, जशी काय मी घरातली बाई. भ्या न्हाई वाटलं मला तवा. किळस आली. हातावर घातली वीट."

बाई चपलांकडेच बघत होती. नाकावरचा पदर खाली आला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तीनच?" ती म्हणाली.

मग तिने डावी चप्पल उचलली, पिशवीत घातली आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. उजवी जिथे होती तिथेच राहू दिली. बाहेर मोरीपाशी बादली होती. तिथे उकिडवी बसून ती हात धुवायला लागली. एकदा धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा चोळले. मनगटापर्यंत चोळले. रेणुका उंबऱ्यात उभी राहून बघत होती. असं चोळणं तिला चांगलं माहीत होतं. तिने कोनाड्यातली साबणाची वडी काढली आणि पुढे केली.

बाईने वडी घेतली. फेस करून बोटांच्या बेचक्यांतून फिरवली आणि पाणी ओतत, वर न बघता विचारलं,

"उद्या ठाण्यात किती वाजता जायचं हाय?"

"अकराला," रेणुका म्हणाली.