चिखलाखाली गेलेली टेप

मी एक जुनी पोलादी टेप आहे, मित्रांनो. माझ्या पहिल्या तीन फुटांवर इतका गंज चढला आहे, की आकडे डोळे बारीक करून वाचावे लागतात. पण त्या गंजाचाच मला तोरा आहे!

कळंबोलीच्या हार्डवेअरच्या दुकानातून मला क्षिप्राताई देवस्थळींनी उचललं. वाटलं होतं, सुताराच्या हाती पडेन. पडले वकीलबाईंच्या पर्समध्ये. त्यांचं ऑफिस बेलापूरला. खाडीकाठच्या करंजवली नगरपरिषदेवर कोणी नुकसानभरपाईचा दावा लावला, की परिषदेची बाजू ताई मांडायच्या. पण जागा स्वतः मोजल्याशिवाय एका शब्दाने बोलायच्या नाहीत. सोसायटीच्या आतल्या पायरीवरून घसरलेल्या एका गृहस्थाने परिषदेला दोष दिला, तेव्हा ती पायरी परिषदेच्या हद्दीत येत नाही, हे माझ्याच मापाने दाखवून ताईंनी केस जिंकली. काय ऐट वाटली म्हणून सांगू!

मग शेवंताबाईंचा दावा आला. मासळी विकून घरी जाताना त्या झाकण नसलेल्या गटारात पडल्या, खुबा मोडला आणि डोक्यावरची पाटी कायमची सुटली. परिषदेच्या पंचनाम्यात खोली लिहिली होती नऊ इंच. एवढ्याशा खड्ड्यात खुबा मोडेलच कसा, असा परिषदेचा मुद्दा.

ताई तिथे गेल्या. शेवंताबाई काठी टेकत आल्या.

"वकीलबाय, तू तर त्यांची हाय. मंग कशाला मोजतेस?"

"त्यांची आहे म्हणूनच."

मला आत सोडलं. नऊ इंचांवर चिखल लागला.

"बघा मॅडम, नऊच!" परिषदेचा इंजिनियर निशांत म्हणाला.

ताईंनी शेवंताबाईंची काठी मागितली, मला तिच्याशी घट्ट धरलं आणि पदर खोचून जोर लावला. आम्ही दोघी मऊ चिखलातून खाली खाली जात राहिलो. छत्तीस इंचांवर काँक्रीट लागलं.

"निशांत, पंचांनी चिखलापर्यंतच मोजलंय. हा कागद मी कोर्टात देणार नाही. चूक कबूल करा, नाहीतर दुसरा वकील बघा."

वीस वर्षांचं काम त्यांनी एका वाक्यात पणाला लावलं. मी थक्क झाले. एवढं मोठं काही मी कधी मोजलं नव्हतं.

परिषदेने महिनाभराने चूक कबूल केली. शेवंताबाईंना भरपाई मिळाली. ताईंकडे मात्र करंजवलीची एकही केस पुन्हा आली नाही.

आता मोजायला लेझरचं यंत्र आहे. मी खणात पडून असते. मित्रांनो, मला तेल लावा, असं मी म्हणणार नाही. उघडं गटार दिसलं तर तसंच पुढे जाऊ नका, झाकण बसेपर्यंत कोणाच्या तरी मागे लागा. त्या दिवशी ताईंनी मला धुऊन पुसलं, पण त्या छत्तीस इंचांवर चढलेला गंज घासायला त्यांनी आजवर कोणाला दिलेला नाही.