टेंगळाचा पिस्टन

दत्तारामनं महाडच्या गॅरेजात बाकड्यावर दोन पिस्टन मांडले. दोन्ही मोटारीचे, दाजींच्या जुन्या फटफटीसाठी मोठे, म्हणजे सिलिंडर आतून कोरून बोअर मारावाच लागणार. एकाचं डोकं सपाट, दुसऱ्याच्या डोक्यावर टेंगूळ.

"सपाट टाकला तर काय पण पचवील, पण चढाला रडंल," तो बहिणीच्या नवऱ्याला, हैबतीला, म्हणाला. "टेंगळाचा टाकला की कॉम्प्रेशन वाढतं, आतल्या दाबानं जोर येतो, दोघांना घेऊन घाट चढंल. पण त्याला निव्वळ पेट्रोल लागतं, दाजी. रॉकेल मिसळलंत तर पिस्टन जळंल."

"टेंगळाचाच टाक. आईशप्पथ, रॉकेलला हात लावणार नाय."

शपथेवर विश्वास ठेवावा असा हा माणूस नव्हे. पण या खेपेला दत्तारामनं ठेवला. हैबतीची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटात. गेल्या खेपेला त्याची बायको रंगू बाळंतपणात अडली तेव्हा डॉक्टरांना आणताना दोघांचं ओझं फटफटीला ओढेना. प्रत्येक चढाला डॉक्टर उतरून चालले, आणि पोचेस्तोवर मूल पोटातच गेलं होतं. आता रंगूला पुन्हा दिवस गेले होते. ही धाकटी बहीण दत्तारामचा जीव की प्राण. त्यानं बोअर मारला, टेंगळाचा पिस्टन बसवला, कॉम्प्रेशन आणखी चढावं म्हणून सिलिंडरखालचं जाड पॅकिंगही काढून टाकलं.

फटफटी वाडीत पोचली तेव्हा रंगूनं टाकीला कुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला. दत्तारामनं पेट्रोलचं पुन्हा एकदा बजावलं, अर्थात हैबतीलाच. रंगू ऐकायला जवळ आली, तर म्हणाला, "तुला काय कळायचंय गो इंजिनातलं? जा, चहा टाक." ती हसत आत गेली.

माघात भर दुपारी कळा सुरू झाल्या. हैबती सुसाट खाली उतरला, डॉक्टरांना मागं बसवून निघाला. पहिला चढ फटफटीनं सहज मारला. दुसऱ्याला इंजिन खडखडायला लागलं, आणि मोठ्या वळणावर एकदम जाम! डॉक्टर पुन्हा चालत गेले. रंगू वाचली. मूल गेलं.

निरोप मिळताच दत्ताराम वर आला. हैबती मुलाला मूठमाती द्यायला गेला होता. फटफटी ढकलत आणून अंगणात उभी केलेली. दत्तारामनं इंजिनाचं हेड उघडलं, तर पिस्टनच्या टेंगळाला बोट जाईल एवढं भोक. टाकीचं झाकण काढलं आणि रॉकेलचा भपकारा आला. मेल्यानं शपथ मोडली! हैबतीचा गळा धरायचा म्हणून तो तणतणत आत शिरला.

रंगू भिंतीकडं तोंड करून पडली होती. "दादा, कशानं रे बंद पडली? टाकी तर मी भरून ठेवली होती. यांना ठावं पण नाय. पेट्रोल तळाला गेलेलं, म्हणून पयल्यासारखं घरातलं रॉकेल ओतलं. वाटेत संपाया नको म्हणून. त्यानं काय झालं का रे?"

हिला दत्तारामनंच चहाला पिटाळलं होतं.

"नाय गो," तो म्हणाला. "पिस्टनच चिरलेला होता. मी नीट बघितला नाय."

हैबती तेवढ्यात दारात आला होता. त्यानं ऐकलं. हत्यारांची पिशवी उचलून अंगणात भिरकावली. "माझी दोन्ही लेकरं त्या घाटात गेली. पुन्हा या दारात पाय ठेवू नको!"

दत्तारामनं अंगणात बसून पिशवीतून सांडलेली हत्यारं गोळा केली. हैबती आत वळल्यावर त्यानं टाकीची नळी काढली आणि रॉकेल मातीत जिरेपर्यंत तिथंच बसून राहिला.