मोहर्लीवालीचं नाव

रकाना १. अर्जदाराचे पूर्ण नाव

मीरा दिवाकर चौके. वय शेहेचाळीस, अंगणवाडी सेविका, मुक्काम वाकटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली.

इथवर काही अडचण नव्हती. गावातल्या लेकरांची नावं, त्यांच्या आयांची नावं, वजनं, उंच्या, सारं वीस वर्षं मीराबाईच्या हाताखालून रजिस्टरात गेलेलं. रकाने भरण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. तरी चंद्रपूरच्या कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली टेबल मांडून बसलेल्या दादाजींसमोर ती पेनाचं टोपण काढून घालून पुन्हा काढत होती.

दादाजी हे त्यांचं नावच. कोणाचे आजोबा म्हणून नव्हे. पस्तीस वर्षांहून जास्त कोर्टात शिपाई, काम पुकाऱ्याचं. दारात उभं राहून पक्षकाराचं, साक्षीदाराचं नाव तीनदा पुकारायचं. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून आवारातच टेबल टाकलं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कोर्ट फीची तिकिटं चिकटवून द्यायची.

त्यांनी फॉर्म लांब धरून पाहिला.

"अक्षर तं मोत्यासारखं हाये बाई तुमचं. मंग माह्याकडे काऊन आल्या?"

"चौथ्या रकान्यापर्यंतच मोती हायेत जी."

रकाना २. प्रकरणाचा क्रमांक व वर्ष

क्रमांक मिळवायलाच दोन महिने गेले होते.

गावात त्या केसला 'मोहाची केस' म्हणतात. पहाटे मोहफुलं वेचताना झाडाच्या वाटणीवरून गावातल्या कोलूनं गावातल्याच मुखरूवर कुऱ्हाड उगारली, मुखरूचा हात गेला. पाहणारी एकच होती. मीराची आई. मीरा तेव्हा कडेवर होती, म्हणजे दीड वर्षाची. म्हणजे साल एक्याऐंशी.

आधी ती गडचिरोलीच्या कोर्टात गेली. तिथल्या बाबूनं साल ऐकलं आणि हसून म्हणाला, "ताई, तवा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तुमचं गाव चांद्यात होतं. चंद्रपूरले जा."

जिल्ह्याहून वयानं मोठी असल्याचं मीराबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चंद्रपूरला नक्कल विभागात दिव्यानी नावाची मुलगी बसते. तिशीच्या आतली, कानामागे पेन खोचलेलं. तिनं निकाली प्रकरणांचं जुनं रजिस्टर काढलं, आरोपीच्या नावावरून बोट फिरवत गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. "मावशी, सापडला तुमचा कोलू."

रकाना ३. कोणत्या कागदाची नक्कल हवी

साक्षीदाराची जबानी, असं मीराबाईनं लिहिलं होतं. दिव्यानीनं ते वाचून मान हलवली.

"जबान्या नाई राहत मावशी एवढ्या वर्षांच्या. नियमानं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. निकाल तेवढा कायम ठेवतात."

मीराबाई खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

"निकालात साक्षीदारांची नावं असतात पण," दिव्यानी घाईनं म्हणाली. "नाव तं असतेच ना."

"नावच पायजे मले."

रकाना ४. अर्जदार पक्षकार नसल्यास, प्रकरणाशी संबंध

साक्षीदार ............ हिची मुलगी.

रकाना ४, पुन्हा

दादाजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"साक्षीदार कोण?"

"माही माय."

"नाव?"

"तेच तं पाह्याले आली जी."

दादाजींनी जवळच्या बाकावर बसलेल्या एका वकिलाकडे पाहिलं, वकील मोबाईलमध्ये होता. मग ते पुन्हा मीराबाईकडे वळले. "म्हणजे नाव कळाले नक्कल पायजे, अन् नक्कल मिळाले नाव पायजे?"

"हो."

"पस्तीस वर्षं हजारो नावं पुकारली. असं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहून राह्यलो."

मग मीराबाईनं सांगितलं. हे ती कोणाला सांगत नसे, कारण सांगितलं की लोकांना आधी हसू येई आणि मग त्यांना स्वतःच्या आजीचं नाव आठवेना.

वाकटोल्यात सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. येनापूरवाली, घोटवाली, कुनघाडावाली. मीराची आई लांबून आली होती, ताडोब्याच्या जंगलाकाठच्या मोहर्लीतून, म्हणून ती मोहर्लीवाली. सासू म्हणे मोहर्लीवाली, जावा म्हणत मोहर्लीवाली. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, तो नुसता "आयकलं का व" म्हणे. मीरा दोन वर्षांची असताना ती तापात गेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, मरणाची नोंद कुठं झाली नव्हती, फोटो काढला नव्हता. वर्षभरानं बापानं दुसरं लग्न केलं. आशाबाई आली. शाळेच्या दाखल्यात, रेशन कार्डात, गावातल्या गावात झालेल्या मीराच्या लग्नाच्या पत्रिकेत, जिथं जिथं आईचं नाव लागतं तिथं आशाबाई. आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतंच. आशाबाईनं मीराला असं वाढवलं की सावत्र हा शब्द घरात कधी कोणाच्या तोंडी आला नाही.

"मोहर्लीले नाई गेल्या का ईचाराले?"

"गेलती ना. मामा मरून गेला. त्याचे पोरं जिप्सीवर टुरिस्ट फिरवतात, त्यायले काय ठाव. एक म्हातारी भेटली नात्यातली. मी म्हटलं, मावशी, माह्या मायचं नाव काय होतं व? तं म्हणते, तिले आमी बाई म्हणो. साऱ्यात मोठी होती ना. सारे बाईच म्हणत."

दादाजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "इकडं मोहर्लीवाली. तिकडं बाई."

रकाना ५. नक्कल मागण्याचे कारण

श्रीहरी दडमल, म्हणजे मीराचा बाप, मागच्या वर्षी वारला. तेरवीची पत्रिका छापायची होती. चामोर्शीच्या छापखान्यातल्या पोरीनं मजकूर घेतला आणि विचारलं, पहिल्या पत्नीचं नाव? मीराबाई म्हणाली, राहू दे, नको टाकू. पण आशाबाई ओट्यावरून ओरडली, "काऊन नको? ते पयली हाये, मी दुसरी. जागा ठेव तिची."

पोरीनं खरंच जागा ठेवली. 'स्वर्गीय', पुढं बोटभर कोरं, मग 'श्रीहरी दडमल'. तशीच पत्रिका वाटली गेली. लोकांना वाटलं छापायचं राहिलं.

तेव्हापासून आशाबाईनं धोशा लावला होता. तिचे गुडघे गेले होते, कानही जात चालले होते. "दर अमावस्येले तिच्या नावानं घास ठेवतो मी. चाळीस वर्षं झाली. कोणाच्या नावानं ठेवून राह्यली ते तं समजू दे मले. वर गेल्यावर भेटली तं काय म्हणू? ओ मोहर्लीवाली म्हणू?"

हे सगळं दादाजींनी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं : 'अर्जदारास मयत आईचे नाव जाणून घेणे आहे.' चौथ्या रकान्यात त्यांनी टिंबं तशीच ठेवली आणि वर बारीक अक्षरात घातलं, 'नाव नकलेवरून भरण्यात येईल.' मग प्रतिज्ञापत्र केलं, तिकीट चिकटवलं, अंगठ्यानं दाबून धरलं.

"साहेब मंजूर करन का जी?"

"कोरा रकाना पाहून चिडन. कारण वाचून सही करन."

रकाना ६. कार्यालयीन उपयोगासाठी

(येथे काही लिहू नये.)

रकाना ७. नक्कल तयार झाल्याचा दिनांक

सव्वीस दिवसांनी फोन आला. सकाळच्या बसनं निघून मीराबाई साडेबाराला खिडकीशी पोचली. दिव्यानीनं अकरा पानं पुढं केली आणि लगेच सोडली नाहीत.

"मावशी, इंग्रजीत हाये. टाइप केलेलं. तवाचे निकाल इंग्रजीतच राहत."

मीराबाईचा चेहरा पडलेला पाहून ती खुर्ची सोडून बाहेर व्हरांड्यात आली. दोघी बाकावर बसल्या. दिव्यानीनं पान सहा काढलं.

"हे पाहा. आरोपीचा वकील म्हणाला का पोलिसांनी साक्षीदार बदलला. फिर्यादीत लिहिलं हाये, मोहर्लीवालीनं पाहिलं. अन् कोर्टात उभी राहिली भलतीच बाई, भलत्याच नावाची. हे मोहर्लीवाली नव्हेच. म्हणून जज साहेबानं स्वतः तिले विचारलं, बाई तू कोण? आणि तिनं काय सांगितलं ते..."

इथं इंग्रजी अक्षरं थांबत होती. टाइप करणाऱ्यानं दोन ओळींची जागा कोरी सोडली होती, कारण त्या यंत्रावर मराठी उमटत नव्हती. त्या कोऱ्या जागेत शाईनं, थोड्या तिरक्या हातानं, मराठीत लिहिलं होतं. फोटोकॉपीत शाई काळी झाली होती, पण अक्षर स्वच्छ होतं.

ते मीराबाईनं स्वतः वाचलं.

'गावात मले मोहर्लीवाली म्हणते. माहेरी बाई म्हणे. सोमारी माहं नाव हाये जी. माय घेत होती, ते मेली. आज तुमी दारात पुकारलं, तवा किती दिसानं आयकलं.'

खाली पुन्हा इंग्रजी. दिव्यानी वाचून मराठीत सांगत राहिली. साक्षीदार अशिक्षित आहे, मूल कडेवर घेऊन उभी होती, मूल सारखं कठड्याकडे झेपावत होतं, तरी तिचं उत्तर एकदाही बदललं नाही. जे नाव घ्यायला घरात कोणी नाही ते नाव कोणी खोटं सांगायला शिकवेल असं न्यायालयाला वाटत नाही. न्यायालय या साक्षीदारावर विश्वास ठेवतं.

"मूल म्हणजे तुम्ही ना मावशी?"

मीराबाईनं मान डोलावली. कोलूचं पुढं काय झालं ते शेवटच्या पानावर होतं. ते तिनं नंतर, बसमध्ये, कोणाकडून तरी वाचून घेतलं.

रकाना ४, भरलेला

ती आधी दादाजींच्या टेबलाशी गेली. त्यांनी पान लांब धरून वाचलं. वाचून झाल्यावरही धरून ठेवलं.

"तुमी कवा लागले जी नोकरीले?"

"ऐंशीत."

"मंग तुमीच पुकारलं असन."

दादाजींनी पान हलकेच टेबलावर ठेवलं. हो म्हणाले असते तर मीराबाईनं ते जन्मभर जपलं असतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

"आम्ही दोघं होतो पुकाऱ्याले. मी असन नाई तं दुसरा असन. आठवत नाई बाई. खोटं कायले सांगू."

मीराबाईनं घरी फोन लावला. आशाबाईनं तो उचलला आणि नेहमीप्रमाणे उलटा धरला असावा, कारण आधी कोंबड्यांचाच आवाज आला.

"माय, नाव सापडलं व!"

"काय सापडलं?"

"नाव! सोमारी!"

"सोनारीण?"

"सोमारी व माय, सो-मा-री!"

"गोवारी? गोवारी जातीची कायची, ते तं आपल्यातली होती!"

आवारातले लोक बघू लागले. जोर लावून मीराबाईचा आवाज फाटला. तिसऱ्यांदा तो निघालाच नाही. दादाजींनी हात पुढं केला.

"द्या इकडं."

ते उठले. दुपारची सुटी होती, कोर्ट बसलेलं नव्हतं. तरी त्यांनी सवयीनं शर्टाची गुंडी लावली, व्हरांड्याच्या पायरीवर चढले, फोन तोंडापासून हातभर लांब धरला आणि छाती भरून घेतली.

"सोमारीबाई श्रीहरी दडमल, हाजीर है?"

आवाज म्हातारा झाला नव्हता. बाकावरचा वकील मोबाईलमधून वर आला. चहावाल्याचा हात थांबला. पोलिसासोबत उभा असलेला एक कैदीसुद्धा वळून पाहू लागला.

"सोमारीबाई श्रीहरी दडमल, हाजीर है?"

मीराबाईनं पदर तोंडाला लावला. अशा वेळी माणूस मेलेलं असेल तर कोणीतरी पुढं होऊन 'मयत' असं सांगायचं असतं, हे दादाजींनीच तिला मागच्या खेपेला सांगितलं होतं. सांगायला इथं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती एक पायरी चढली.

"सोमारीबाई श्रीहरी दडमल, हाजीर है?"

तिनं तोंड उघडण्याआधी फोनमधून आवाज आला. कोंबड्या गप्प झाल्या होत्या.

"हो जी," आशाबाई म्हणाली. "हाजीर हाये. इथी घरीच हाये."