आतली रेघ

वॉर्डातल्या जखमा मोजायचं काम ताईंचं. त्या होत्या नर्स, पण सगळा दवाखाना त्यांना ताईच म्हणायचा. जखमेवर पारदर्शक कागद धरायचा, कडेकडेनं पेन फिरवायचं, आतला आकडा यंत्र सांगतं. वरवर पाहता चुकायला जागाच नाही. पण पेनाची रेघ जाड असते, आणि जखमेची कड काही कुणी पट्टीनं आखलेली नसते.

मोठ्या डॉक्टरांचा प्रयोग चालू होता. खळीसारखं मऊ जेल आणि त्यात मूळपेशी. नुसत्या पेशी सोडल्या तर जखमेतून वाहून जातात, जेल त्यांना धरून ठेवतं आणि नवी कातडी धरते. एकाच डोसात चार आठवड्यांत निम्मी जखम भरते, असं डॉक्टरांचं ठाम म्हणणं. ज्याची भरणार नाही त्याला दुसरा डोस द्यायचा, असा नियम. पण तशी वेळ कुणावर आलीच नाही, कारण ताई पहिल्या दिवशी रेघ कडेच्या बाहेरून काढायच्या आणि चौथ्या आठवड्यात आतून. खोटं काढा असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत हो. "कड पांढरी पडलीय ना, मग भरलीच समजा," एवढंच. वर "हात छान आहे तुमचा." कौतुकाला न भुलणारा माणूस दाखवा मला. अकरा जणांच्या जखमा ताईंनी अशा कागदावरच भरून टाकल्या.

बारावा त्यांचा सख्खा मोठा भाऊ. भट्टीतलं लोखंड नडगीवर सांडून सात महिने झाले होते. ताईंनीच मागे लागून त्याला आणलं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी पट्टी सोडली. जेमतेम चौथाई भरली होती. दुसरा डोस मिळाला तर निदान आशा, नाहीतर पाय कापायची भाषा सुरू होणार. ताईंनी प्रथमच रेघ बरोब्बर कडेवरून काढली.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. "अकरा जणांत एकाचीही अशी आली नाही. नेमकी भावाचीच आली?"

येऊन स्वतः बघा, असं ताई म्हणाल्या. डोळ्यांवरच विसंबायचं तर कागद कशाला, असं म्हणून डॉक्टरांनी तो परत दिला. नीट मोजून आणा म्हणाले.

आता काय बोलणार, कपाळ? आधीचे अकरा खोटे म्हणावं तर नोकरी जायचीच, शिवाय प्रयोग बंद, पेशींच्या फ्रिजला कुलूप, आणि दादाला डोस नाहीच. गप्प बसावं तरी नाहीच. स्वतःचीच इतकी शिसारी ताईंना कधी आली नव्हती. त्यांनी नवा कागद घेतला आणि आतून रेघ काढली.

"किती भरली गं?" दादानं विचारलं.

"निम्म्याच्या वर."

दादाचा चेहरा खुलला. ठणका तसाच होता, पण शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला तो कौतुकानं सांगायला लागला, "माझ्या बहिणीनं स्वतः मोजलीय. ती आहे म्हणून मला कसला घोर नाही."